पासातलं दुसरं नाव

मोघेकाकांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची होती, पासवाली आणि तिकीटवाली. मी इंटर कॉलेजात शिकवणारी, म्हणजे तिकीटवाली. "त्यात तुझा काही दोष नाही," असं ते मला अगदी समजुतीच्या स्वरात सांगायचे. झाशीच्या नगरा मोहल्ल्यात त्यांची आणि आमची भिंत एकच. भिंतीला लागून कढीपत्त्याचं झाड होतं, ते लावलं आम्ही आणि वाढलं त्यांच्या अंगणात. त्यावरूनही ते म्हणायचे की झाड हुशार आहे, पासवाल्यांकडे गेलं.

काका झाशीच्या रेल्वे ऑफिसात पास सेक्शनला होते. ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेच्या माणसाला वर्षाकाठी ठरावीक फुकट पास मिळतात. पासावर त्याचं नाव, खाली बायकोचं, मुलांचं, असली तर विधवा आईचं. कुठून कुठं जायचं, कोणत्या मार्गाने, वाटेत कुठल्या स्टेशनांवर उतरायची मुभा, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. अर्ध्या झाशीचे पास काकांच्या हातून लिहिले गेले होते. कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाची मुलगी सासरी गेली, हे त्यांना शेजाऱ्यांच्या आधी कळायचं.

त्यामुळे सरळ रस्त्याने कुठं जाणं हा त्यांच्या लेखी गाढवपणा होता. मी स्कूटर काढली की भिंतीवरून आवाज यायचा, "कुठं?"

"सदर बाज़ारला, काका."

"वाया?"

हा पासावरचा 'वाया', म्हणजे कोणत्या मार्गाने, त्यांच्या तोंडात बसला होता. भाजी आणायला गेले तरी ते स्टेशनवरून जात, तिथे गाड्या किती लेट आहेत ते बघत, ओळखीच्या गार्डाशी दोन शब्द बोलत आणि मग दुपार टळल्यावर सुकलेली मेथी घेऊन घरी येत. "तिकीट माणसाला पोहोचवतं, पास माणसाला फिरवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पासाची प्लॅस्टिकची पन्नी बुशशर्टच्या वरच्या खिशात कायम असायची, कुठं जायचं नसलं तरी.

कमलकाकू या फिरण्याला कंटाळलेल्या होत्या, पण त्यांचा कंटाळा बोलका नव्हता. पुण्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. सगळी झाशी थेट गाडीने पुण्याला जाते. काका काकूंना घेऊन इटारसीला उतरले, मग नागपूरला, मग वर्ध्याला. मांडवात पोहोचले तेव्हा लग्न लागून गेलं होतं. "पण पंगत मिळाली ना," असं काका आम्हाला मोठ्या खुशीने सांगत होते. काकू हातातल्या क्रोशाचे टाके मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "पंगत दुसरी होती. जिलबी संपली होती."

काकूंचं माहेर एरचचं. बेतवाकाठचं जुनं गाव, झाशीहून कानपूरच्या बाजूला. एरच रोड म्हणून स्टेशन आहे, तिथे पॅसेंजर थांबते, पुढे बस नाहीतर टमटम. म्हटलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. काकूंचं माहेरी जाणं मात्र वर्षानुवर्षं लांबत राहिलं, आणि त्याचं कारण बाहेरच्याला सांगूनही पटणार नाही. पास मोजकेच. एवढ्या जवळच्या गावासाठी त्यातला एक खर्च करायचा म्हणजे पास फुकट घालवणं. आणि तिकीट काढायचं? पास सेक्शनच्या मोघेबाबूंनी खिडकीवर उभं राहून तिकीट काढायचं? लोक काय म्हणतील.

मग काकांनी तोड काढली. पास गोरखपूरपर्यंतचा लिहायचा आणि वाटेत उतरायचं स्टेशन म्हणून एरच रोड घालायचं. काकू आईजवळ एक रात्र राहायच्या. दुसऱ्या दिवशी सामान उचलून दोघं पुढे गोरखपूरला जायची, कारण पास गोरखपूरचा होता. गोरखपूरला त्यांचं कोणीही नव्हतं. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून आईने बांधून दिलेल्या पुऱ्या खायच्या आणि परतीच्या गाडीत बसायचं. काकूंनीच मला हे सांगितलं होतं, हसत हसत. मीही हसले होते.

काका कठोर होते असं मात्र कोणी समजू नये. ते स्वतः कधी सांगत नसत, पण त्यांच्या सेक्शनमधल्या एका बाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती. रामसेवक म्हणून एक फिटर होता, त्याची बायको वारली. महिन्याभराने तो काकांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "बाबूजी, घरवाली तौ नईं रई. नाँव काट देओ." नियमच आहे तो, माणूस गेलं की पासातून नाव कमी करायचं. काकांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. "रामसेवक भैया, इस बार रहने दो. अगले पास पे काट देंगे." पुढच्या वेळीही ते तेच म्हणाले. असं त्यांनी कितीजणांचं केलं देव जाणे. साहेबाने एकदा त्यावरून झापलंही होतं. पासात नाव घातलेलं असावं, माणूस येवो न येवो, असं त्यांचं मत होतं, आणि त्यावर वाद त्यांना चालत नसे.

त्यांचा एकुलता मुलगा नंदू जर्मनीत कलोनला स्थायिक झाला. मराठी त्याला समजायचं सगळं, बोलायचा मात्र हिंदीत. काका रिटायर झाल्यावर त्याने धोशा लावला की दोघं या. काका आधी नाही नाही म्हणत होते. मग नंदूच्या तोंडून त्यांनी ऐकलं की युरोपात रेल्वेचा पास मिळतो, सगळ्या देशांत चालतो, आणि कोणीही विकत घेऊ शकतं. झालं, दुसऱ्याच दिवशी दोघं आमच्या पुढच्या खोलीत हजर.

"मास्तरीणबाई, ज़रा तुझं ते मशीन चालू कर. विलायतेचा पास बघायचाय."

आमच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यामुळे मी या प्रकरणात आले. चार संध्याकाळी मी ती माहिती वाचत बसले. मला समजलं ते मी काकांना सांगितलं. रोज नवं शहर, नवा देश असं फिरायचं असेल तर पास परवडतो. मनात आलं की चढा, मनात आलं की उतरा. पण एका ठिकाणी राहून दोन-तीन जागाच बघायच्या असतील, तारखा ठरलेल्या असतील, तर सुटी तिकिटं आधीच काढून ठेवलेली स्वस्त पडतात. आणि पास असला तरी काही जलद गाड्यांत जागेचे पैसे वेगळे.

"पास आहे ना? मग पुन्हा पैसे कशाचे?" काका इतके दुखावले की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ही कुठल्या मुलखाची रेल्वे?"

"तिथली तशीच आहे, काका."

"असू दे. पासच काढायचा." त्यांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. कलोन, पॅरिस, मिलान, व्हिएन्ना, प्राग, सगळीकडे पेन्सिलीने गोल केलेले होते. गोल एकमेकांना जोडलेले होते, आणि कुठलीही रेघ सरळ नव्हती.

काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर क्रोशा विणत होत्या. त्या म्हणाल्या, "मला एकच गाव बघायचंय."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. काकूंनी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, काकांनाही बहुधा नसावं.

"ब्रूज," त्या म्हणाल्या. उच्चार त्यांनी नीट केला. लग्न होऊन नव्या आल्या तेव्हा रेल्वे कॉलनीत त्यांच्या शेजारी डोरीन मॅडम म्हणून एक अँग्लो-इंडियन बाई होत्या. त्यांनीच काकूंना क्रोशा शिकवला. डोरीन मॅडमच्या पेटीत तलम लेसचा एक रुमाल होता, आजीकडून आलेला, ब्रूजचा. तिथे बायका दारात बसून शंभर दोऱ्यांनी लेस करतात, असं त्या सांगायच्या. पुढे डोरीन मॅडम देश सोडून गेल्या. काकू सदर बाज़ारातून दोरा आणून तो रुमाल आठवणीने विणायचा प्रयत्न करत राहिल्या. "तसा होत नाही माझा," त्या म्हणाल्या. "ते हात कसे चालतात ते एकदा बघायचंय."

"मग आहे की," काका नकाशावर वाकले. "ब्रूज पासात येतंच. वाटेत उतरू."

"वाटेतच उतरत आले मी," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टाके मोजणं चालूच होतं. "अहो, एकदा तिकीट काढा माझं. जिथं जायचं तिथं जाऊ, बघू, घरी येऊ. पुढे गोरखपूर नको."

काका नकाशाची घडी घालू लागले. ती नीट बसेना. शेवटी म्हणाले, "एका गावासाठी एवढ्या लांब जायचं, कमल? बर्बादी नाही का?"

काकूंनी पुढचा टाका घातला, आणि पास ठरला.

त्या काळी तिथे दोघांच्या नावाचा मिळून एक पास मिळायचा, दोन वेगळ्या पासांपेक्षा कमी दरात. काकांना तो फारच पसंत पडला, कारण तो अगदी आपल्यासारखा होता, एक कागद आणि त्यावर कुटुंब. अट मी मोठ्याने वाचून दाखवली. दोघांनी कायम बरोबर प्रवास केला पाहिजे, एकट्याला हा पास चालणार नाही.

"बरोबर नाही तर काय, मी एका डब्यात आणि ही दुसऱ्या?" काका म्हणाले. काकूही हसल्या. अटी छापायची पद्धत असते, असं पास सेक्शनच्या माणसाने मला समजावलं. पास आला तेव्हा त्यांनी तो कितीतरी वेळ हातात धरला होता. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून काकूंना दाखवलं, "हे बघ, पूरा नाव. आपल्याकडे नुसतं 'कमल, पत्नी' लिहितात."

होळी झाली आणि चार-पाच दिवसांनी, सकाळी दूध तापवताना काकू ओट्यापाशी खाली बसल्या आणि परत उठल्या नाहीत. मला भिंतीवरून उतू गेलेल्या दुधाचा वास आला होता. हाक मारणार होते की काकू, गॅस बघा. तेवढ्यात काकांचीच हाक आली, माझ्या नावाने. आधी त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांचं मला सांगण्यासारखं काही नाही. मला रडू येत नव्हतं. पाहुण्यांचे चहा करत होते, चपला एका ओळीत लावत होते. काकांचं तर काहीच कळेना. ते कढीपत्त्याखाली खुर्ची टाकून बसत. ग्वाल्हेरहून, कानपूरहून नातलग येत, गळ्यात पडून रडत. काका त्यांची पाठ थोपटून विचारत, "कोणत्या गाडीने आलात? लेट होती?" एरचहून काकूंचे भाऊ आले, दादा. ते ओट्याकडे बघून उभेच राहिले. काकांनी त्यांनाही विचारलं, "वाया?" दादा म्हणाले, "एरचहून कसलं वाया, भाऊजी. सरळ आलो." काकांनी मान हलवली.

नंदू आला, सगळं करून गेला. जाताना म्हणाला, बाबा, ठरल्याप्रमाणे तुम्ही याच, इथं एकटे नका राहू. व्हिसा होता, विमानाचं तिकीट होतं. जायच्या आधी मी काकांशी बोलायला गेले. म्हटलं, काका, तो पास दोघांचा आहे. तो परत करता येतो का बघू या, तुमच्या एकट्याचा वेगळा काढू. नाहीतर सुटी तिकिटं काढू.

त्यांनी पन्नी खिशातून काढली, पास बघितला आणि पुन्हा आत ठेवला.

"या वेळी राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या पासावर कापू."

मला रामसेवक आठवला. मी उठून घरी आले.

पुढची हकीकत त्यांनी मला परत आल्यावर सांगितली, कढीपत्ता निवडता निवडता, दुसऱ्या कोणाची सांगावी तशी. कलोनच्या स्टेशनवर पासावर शिक्का मारून घ्यायचा असतो, त्यासाठी पासपोर्ट दाखवावे लागतात. काकांनी खिडकीत दोन्ही पासपोर्ट ठेवले. काकूंचा त्यांनी बरोबर नेला होता. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता शिक्का मारला. नंदूला ऑफिस होतं. त्याने गाडीत बसवून दिलं आणि विचारलं, "बाबा, जाओगे कहाँ?" काका म्हणाले, "कुठंही. पास आहे ना."

गाडी सुरू झाली. समोरची जागा रिकामी होती. काही वेळाने तिकीट तपासनीस आला. चांगला माणूस होता, वयस्कर, असं काकांनी दोनदा सांगितलं. त्याने पास बघितला, काकांकडे बघितलं, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, दुसऱ्या बाई कुठे आहेत?

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मी म्हटलं, त्या आल्या नाहीत."

तो म्हणाला, मग हा पास चालत नाही. काका म्हणाले, मला माहीत आहे. चाळीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला होता, त्यांना ठाऊक नसेल असं कसं होईल. तपासनीसाने पास त्यांना परत दिला, आपलं यंत्र काढलं आणि म्हणाला, तिकीट घ्यावं लागेल. कुठं जायचंय?

इथे काका थांबले. देठं एका बाजूला, पानं एका बाजूला, असं त्यांचं चाललं होतं, ते हात थांबले.

"मास्तरीणबाई, तिकीटवाल्याला कुठं जायचं ते सांगावं लागतं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. पास दाखवला की लोक सलाम करून पुढे जात. तो यंत्र घेऊन उभा, सगळा डबा बघतोय, आणि मला एकच नाव येत होतं."

ब्रसेल्सला गाडी बदलून ते ब्रूजला उतरले. एका दुकानाच्या दारात एक म्हातारी बाई मांडीवर उशी घेऊन लेस करत बसली होती. उशीवर टाचण्या आणि दोऱ्याला बांधलेल्या लाकडी कांड्या. काका समोरच्या बाकावर बसले आणि तिचे हात बघत राहिले. तिने एकदा वर बघून हसून मान हलवली. मग ती आत गेली आणि ते स्टेशनवर आले.

"कसे चालत होते हात?" मी विचारलं.

"फार भराभर," ते म्हणाले. "मला काही समजलं नाही. ती असती तर तिला समजलं असतं."

"रुमाल नाही आणलात?"

"कोणासाठी?" असं ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि कढीपत्त्याची वाटी माझ्या हातात दिली. पॅरिस नाही, व्हिएन्ना नाही. उरलेले सगळे दिवस ते नंदूच्या घरी खिडकीत बसून होते.

त्यानंतर भिंतीवरून 'वाया' आला नाही. मी मुद्दाम स्कूटर जोरात काढून बघायची. ते मान वर करून बघत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत.

मग एकदा, थंडी सुरू झाली होती तेव्हा, आईला गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले होते. परत निघताना तिकिटांच्या रांगेत मला ओळखीचा बुशशर्ट दिसला. मोघेकाका रांगेत उभे होते. पुढे डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, मागे कॉलेजची मुलं, आणि मध्ये ते, हातात नोटेची घडी. मी खांबापाशी थांबले.

खिडकीतल्या बाबूने त्यांना ओळखलं. "मोघे बाबू, आप लाइन में? पास क्या हुआ?"

"इस साल बनवाया नहीं, भैया."

"काए? आपको तो अब भी मिलता है."

"मिलता है," काका म्हणाले. "पर बनवाने जाओ तो नाम काटना पड़ता है."

मागच्या मुलांपैकी एकाने घाई केली, तेव्हा बाबूने विचारलं, "कहाँ का दूँ?"

"एरच रोड."

तिकीट घेऊन त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, वरच्या खिशातली पन्नी काढून त्यात सारलं आणि खिसा दाबून बघितला. वळले तेव्हा मी समोरच होते. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "वाया, काका?"

त्यांनी पुलाकडे बघितलं.

"सरळ," ते म्हणाले. "दादांना कळवलंय. मधे कुठं उतरायचं नाहीये."

पॅसेंजर पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर लागली होती. कठड्याला धरून ते हळूहळू पुलाच्या पायऱ्या चढले. गर्दी होती, त्यामुळे पुढे ते मला दिसले नाहीत.